पाणी भरायचे प्लास्टिक बॅरियर (२ मीटर, केशरी-पांढरे): दीड वर्ष साईटवर वापरल्यानंतर

मी सोलापुरात पाईपलाईन आणि केबलची चारी खोदायची कामं करतो, जास्त करून सबकॉन्ट्रॅक्टवर. एक जेसीबी, दोन ट्रॅक्टर आणि बारा-पंधरा माणसं, एवढाच पसारा. मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरात हे बॅरियर घेतले, २४ नग, दोन मीटरचा एक. म्हणजे यांच्यावरून दोन उसाचे सीझन गेलेत, एक पूर्ण उन्हाळा गेलाय, एक पावसाळा गेलाय आणि दुसरा उन्हाळा चालू आहे. एवढं वापरल्यावर लिहायला हरकत नाही असं वाटलं, कारण घेताना मी शोधलं तेव्हा सगळीकडे फक्त "मजबूत आहे", "रंग छान आहे", "डिलिव्हरी वेळेत मिळाली" एवढंच वाचायला मिळालं. रस्त्याला लागून खोदकाम करणाऱ्याला डिलिव्हरीचं काय घेऊन बसलात, गाडी येऊन आदळली तर हे काय करणार ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. ते मी सांगतो, कारण आमच्याकडे गाडी येऊन आदळली आहे.

आधी वस्तू काय आहे ते. आतून पोकळ प्लास्टिकचा ठोकळा, खाली रुंद वर निमुळता, वर पाणी भरायला झाकण, खाली सोडायला बूच, दोन्ही टोकांना खाचा, त्यात पिन टाकून एकमेकांना जोडायचे. रिकामा २६ किलो भरला, मी वजनकाट्यावर ठेवून बघितला. पाणी मावतं ३५० लिटर, म्हणजे भरल्यावर पावणेचारशे किलो. दोन माणसं रिकामा सहज उचलतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकात एक न घुसवता आडवे टाकले तर आठ-नऊ मावतात. जीएसटी धरून एक नग साडेपाच हजाराच्या आसपास पडला. त्याआधी आम्ही काय करायचो तर चार लोखंडी बॅरिकेड, सुतळीला बांधलेली लाल-पांढरी फीत, आणि रात्रीसाठी रस्त्याच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड. सगळेच असं करतात, मीपण पंधरा वर्षं केलं.

आता जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे दिवस होते, शहरात गर्दी, आणि बाहेरच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. अक्कलकोट रोडच्या बाजूला पाण्याच्या लाईनचं काम, चारी दीड मीटर खोल. बॅरियर लावलेले होते, सगळे २४ लावलेले होते, लांबून बघितलं तर एकदम मोठ्या कंपनीची साईट वाटावी असं दिसत होतं. फक्त त्यात पाणी नव्हतं. टँकर सकाळी यायचा तो आला नाही, संध्याकाळी मुकादम मामांचा फोन आला, "मालक, टँकर आला नाय अजून, काय करू?" मी म्हणालो, मामा एवढा जॉइंट करून घ्या, उद्या सकाळी भरू. पिनापण सगळ्या टाकलेल्या नव्हत्या कारण पाणी भरताना थोडं मागंपुढं सरकवावं लागतं म्हणून पोरांनी तशाच ठेवल्या. हे माझ्या शब्दावर झालं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

साडेसात वाजता अंधारात एक पिकअप उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला बाहेर निघाला, समोरून गाडी आली म्हणून परत आत घुसला आणि डावीकडं जास्तच आला. तिसऱ्या बॅरियरला लागला. बॅरियर उडाला, म्हणजे अक्षरशः चेंडूसारखा उडाला आणि सरळ चारीत, खाली मामा वाकून जॉइंट आवळत होते त्यांच्या पायावर. मामांची नडगी मोडली. पिकअपचं पुढचं चाक चारीच्या तोंडावर लोंबकळत राहिलं, अजून हातभर पुढं आला असता तर अख्खी गाडी तीन माणसांच्या अंगावर होती. ड्रायव्हर पोरगा वीस-बावीस वर्षांचा, थरथर कापत होता, "मला वाटलं मजबूत आहे ते, लागलं तर थांबेल गाडी" असं म्हणाला. त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून आजपण जात नाही. त्याला लांबून ती भिंत वाटली होती, आणि मीच ती भिंतीसारखी दिसेल अशी मांडली होती.

मामांना दवाखान्यात नेलं, प्लास्टर, दीड महिना घरी. खर्च आणि पगार मी दिला ते द्यायचंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

यानंतर मी या बॅरियरचा खरा अभ्यास केला, जो घेण्याआधी करायला पाहिजे होता. माझी पोरगी अकरावी सायन्सला आहे, तिला म्हणालो मला हे गणित करून दे. तिनं संवेगाचा नियम लावून वहीत मांडून दिलं. माल भरलेला पिकअप धरा ३ टन, वेग ताशी ५० किलोमीटर, समोरासमोर धडक, दोन्ही एकत्र पुढं सरकले असं धरून. रिकामा २६ किलोचा बॅरियर असेल तर धडकेनंतर गाडीचा वेग राहतो साडेएकोणपन्नास. म्हणजे गाडीला कळतपण नाही. पाणी भरलेला एकटा बॅरियर असेल तर वेग राहतो साधारण ४४. हे बघून मला धक्का बसला कारण मला वाटत होतं भरलेला एक बॅरियर म्हणजे काम झालं. सहा भरलेले पिनांनी नीट जोडलेले असले आणि सगळ्यांनी मिळून धक्का घेतला तर वेग येतो २९ च्या खाली, वर रस्त्याशी घासून अजून कमी होतो. हा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, खऱ्या धडकेत प्लास्टिक फाटतं, पाणी उडतं, पिना वाकतात, पण कशाला किती किंमत आहे ते यातून समजतं. रिकाम्या बॅरियरची किंमत शून्य. एकट्या भरलेल्याची थोडी. भरलेल्या आणि जोडलेल्या लाईनची खरी.

पोरीनं अजून एक गोष्ट दाखवली ती मला सगळ्यात जास्त कामाची वाटली. गाडी बॅरियरच्या लाईनीला तिरकी घासत आली, समजा १५ अंशात, तर लाईनीवर आडवा येणारा वेग ५० पैकी फक्त १३ असतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात असल्यामुळं आडवा दणका समोरासमोरच्या धडकेच्या पंधराव्या हिश्श्याएवढाच. म्हणजे बॅरियर कसे मांडले यावर निम्म्याहून जास्त खेळ आहे. आपल्याकडं साईटच्या तोंडाला दोन बॅरियर रस्त्याला काटकोनात आडवे टाकतात, कामाची पाटी त्याच्यावरच टेकवतात. येणारी गाडी सरळ त्यांच्यावरच जाते, तिथं पूर्ण दणका बसतो, आणि मागं माणसं असतात. आता आम्ही तोंडापासून लाईन हळूहळू तिरकी आत घेतो, म्हणजे चुकलेली गाडी घासून परत रस्त्याला लागावी. सुरुवातीचं टोक रस्त्यापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं नेतो.

दुकानाबद्दल. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, शहरातलंच आहे, माणूस बोलायला चांगला आहे, माल सांगितला त्या दिवशी दिला, दोन नगांची झाकणं बसत नव्हती ती बदलून दिली. पण विकताना त्यानं मला सांगितलं होतं, "क्रॅश टेस्टेड आहे साहेब, हायवेला हाच वापरतात." अपघातानंतर मी त्याच्याकडं टेस्टचा कागद मागितला. त्यानं रंगीत पत्रक दिलं ज्यावर कारचा फोटो होता. मी म्हणालो टेस्टचा रिपोर्ट द्या, किती वेगाला, किती वजनाच्या गाडीनं, किती अंशात, किती नग जोडून, आणि धडकेनंतर लाईन किती मागं सरकली. तो म्हणाला कंपनीकडं मागतो. अजून आलेला नाही. मी त्याला खोटारडा म्हणत नाही, त्याला कंपनीच्या माणसानं जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं असेल, पण माझ्या माणसाचा पाय मोडला त्यात या एका वाक्याचापण वाटा आहे, कारण त्या भरवशावर मी पाण्याचं मनावर घेतलं नाही.

म्हणून घेणाऱ्यांना सांगतो. पाण्याच्या बॅरियरमध्ये दोन जाती आहेत आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एक जात नुसता रस्ता दाखवण्यासाठी असते, गाडीनं इकडून जायचं आणि तिकडून नाही एवढं सांगायला. दुसरी जात खरोखर गाडी आदळवून तपासलेली असते, त्यात बहुतेक वेळा आतून लोखंडी सांगाडा किंवा केबल असते, सांधे पण तसेच भक्कम असतात, आणि किंमत कितीतरी जास्त. अमेरिकेत यासाठी मॅश नावाची चाचणी आहे, त्यात ११०० किलोची कार आणि २२७० किलोचा पिकअप २५ अंशात आणून आदळवतात, लेव्हल १ ला ताशी ५० किलोमीटरनं, लेव्हल २ ला ७० नं, लेव्हल ३ ला १०० नं. युरोपात ईएन १३१७ आहे. दुकानदार क्रॅश टेस्टेड म्हणाला की सरळ विचारायचं, कुठली लेव्हल? लेव्हल सांगता आली नाही तर समजायचं की हा पहिल्या जातीचा आहे. पहिल्या जातीचा घेण्यात चूक काहीच नाही, मीपण तोच वापरतोय आजपण, पण नुसत्या त्याच्या भरवशावर माणूस चारीत उतरवायचा नाही.

आणि दुसऱ्या जातीचा असला तरी तो धडकेत मागं सरकतोच, सरकण्यातूनच तो दणका खातो. त्यामुळं बॅरियर आणि चारी यांच्यात मोकळी जागा पाहिजे. आमचा बॅरियर चारीच्या काठाला चिकटून होता, सरकायला जागाच नाही, सरकला की खाली. आपल्या टेंडरच्या मागं तो सेफ्टी कोड जोडलेला असतो ना, जो कुणी वाचत नाही, त्यात लिहिलंय की खोदलेली माती चारीच्या काठापासून दीड मीटर किंवा चारीच्या खोलीच्या निम्मं यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. ते मातीसाठी आहे पण मला विचाराल तर पावणेचारशे किलोच्या बॅरियरलापण तोच नियम लावा, कारण एवढं वजन ओळीनं काठावर ठेवलं तर आपल्या काळ्या मातीचा काठ पाऊस पडल्यावर धरत नाही, बॅरियरच चारीत बसतो. आम्ही आता कमीत कमी दीड मीटर सोडतो. रस्ता अरुंद असला की लोक ओरडतात, एक लेन खाल्ली म्हणतात, सोसायचं.

पाण्याचा प्रश्न. सोलापुरात घराला पाणी काही दिवसांआड येतं, आणि इथं आम्ही साडेआठ हजार लिटर रस्त्यावरच्या प्लास्टिकमध्ये ओतणार, लोकांनी विचारलंच. जुळे सोलापूरच्या एका गल्लीत काम चालू होतं तेव्हा एक आजी घागर घेऊनच आल्या, "अरे बाळांनो आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही डब्यात भरताय." त्यांचं बरोबरच होतं. मी बोअरचं मचूळ पाणी वापरतो, पिण्याचं नाही, हे त्यांना दाखवलं तेव्हा कुठं शांत झाल्या. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये २४ नग भरून थोडं उरतं. काम पुढं सरकलं की पाणी फेकू नका, दुसऱ्या नगात घ्यायला छोटा पंप आणि पाईप ठेवा, आम्ही आता तेच करतो आणि निम्म्याहून जास्त पाणी परत वापरात येतं. उरलेलं काँक्रीटच्या क्युरिंगला किंवा धुळीवर मारायला.

कुणी म्हणतं वाळू भरा, पाण्याची कटकट नको. भरू नका. वाळू ओली होऊन आत बसली की निघता निघत नाही, बॅरियर उचलता येत नाही, आणि धडकेत फुटला तर पाणी वाहून जातं पण वाळू रस्त्यावर पसरते, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर घसरतो. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते, तेव्हा जे काही मांडायचं ते दुचाकीवाल्याला डोळ्यासमोर ठेवून मांडा. याच कारणानं मी ते चुन्याचे दगड कायमचे बंद केले. दगड गाडीला थांबवत नाही, फक्त पडलेल्याचं डोकं फोडतो. डांबराच्या जुन्या लोखंडी ड्रममध्ये काँक्रीट भरून ठेवतात ते तर त्याहून वाईट.

झाकण नीट लावलं पाहिजे ही बारीक गोष्ट वाटते पण नाही. डेंग्यूचा डास असल्या साठवलेल्या पाण्यातच होतो, झाकण गेलं की महिनाभर बॅरियर म्हणजे डासांचा कारखाना. आमची पाच झाकणं चोरीला गेली की पोरांनी खेळायला नेली माहीत नाही, आता जाळी आणि तार बांधतो. खालच्या बुचाचं रबर हा या मालाचा सगळ्यात कच्चा भाग. २४ पैकी सात नगांची बुचं सहा महिन्यांत पाझरायला लागली. थेंब थेंब जातं, दिवसा कळत नाही, चार दिवसांनी बॅरियर निम्मा रिकामा, आणि बाहेरून बघितलं तर भरलेलाच दिसतो. अपघात झाला तेव्हा आम्हाला निदान माहीत तरी होतं की रिकामे आहेत, पाझरलेल्याचं तेपण कळत नाही. कंपनीनं बाहेरून पाण्याची पातळी दिसेल अशी एक पारदर्शक पट्टी द्यायला पाहिजे होती, बूच पाझरतं आणि ही पट्टी नाही, यासाठी मी एक स्टार कापतोय.

ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४३-४४ डिग्री होतं, डांबर मऊ पडतं, तिथं प्लास्टिकचं काय. यातले पांढरे नग टिकलेत, केशरी फिके पडून गुलाबीसर झालेत, पण चिरा गेल्या त्या फक्त दोन नगांना, तेपण रिकामे उन्हात पडून होते ते. यूव्हीसाठी औषध घातलेला नवा माल आणि भंगार वितळवून केलेला माल यात फरक असतो आणि तो घेताना ओळखता येतो, झाकण काढून आत बघा, आतला रंग बाहेरच्यासारखाच एकसारखा पाहिजे, काळपट ठिपके असतील तर भंगार मिसळलंय. कोपरे अंगठ्यानं दाबून बघा, कोपऱ्यात भिंत पातळ झालेली असते, तिथंच पुढं फुटतो. या मालाचे कोपरे चांगले निघाले हे मान्य करतो.

रेडियमच्या पट्ट्यांबद्दल मात्र नाराज. कंपनीच्या पट्ट्या स्वस्तातल्या, पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटल्या. मी नंतर हाय इंटेन्सिटीची, ती मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असते ती, आणून लावली, रात्री हेडलाईट पडल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. पण कितीही भारी लावली तरी मुरमाच्या धुळीनं दोन दिवसांत मेलेली असते. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायला एक माणूस लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. सोलरवरचे लाल-पिवळे ब्लिंकर लावले तर चोरीला जातात, तरी लावा, मी बारा लावले त्यातले चार गेले, आठ तर आहेत.

आता उसाच्या गाड्या, कारण हे बाहेरच्या कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. वळणावर ट्रॅक्टर नीट जातो, पहिली ट्रॉली थोडी आत कापते, दुसरी अजून आत. ट्रॅक्टरवाला पुढं बघत असतो, गाणी जोरात, मागं काय पाडलं ते त्याला कळत नाही. होटगी रोडला एका वळणावर आमचे आतल्या बाजूचे बॅरियर तीन रात्री सलग पडले, पोरांना वाटायचं कुणीतरी मुद्दाम पाडतंय, चौथ्या रात्री मी स्वतः थांबलो तेव्हा दुसऱ्या ट्रॉलीचं मागचं चाक बॅरियरला खेटून जाताना बघितलं. ड्रायव्हरचा काही दोष नाही, जागाच दिली नव्हती आम्ही. नोव्हेंबर ते मार्च आपल्या जिल्ह्यात काम असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला एक मीटर जास्तीचा सोडा, नाहीतर काम बाहेरच्या बाजूनं सुरू करा. ट्रॉल्यांच्या मागं रेडियम नसतं तो वेगळाच विषय, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते, इतर दिंड्यापण असतात. पहाटे अंधारात शेकडो माणसं रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं चालतात, जिथं आपली चारी असते. गाडीसाठी लांबलचक बॅरियरची लाईन लावली तर चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं आणि तो गाडीच्या तोंडी येतो. बॅरियरच्या आतून, चारीपासून लांब, मीटरभराची पायवाट सोडा आणि चारीच्या बाजूनं दोरी नाही तर पत्रे लावा. आम्ही मागच्या वर्षी केलं. एका माऊलीनं थांबून पोरांना बुक्का लावला.

किती लांबून पाटी लावायची हे विचारलं जातं. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ आहे, २०१४ ची आवृत्ती, कामाच्या जागेवर वाहतूक कशी सांभाळायची त्यावरच आहे, आधी इशारा, मग गाड्या वळवायची जागा, मग काम, मग शेवट, असे टप्पे दिलेत. तेवढं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा, त्यांच्याच हिशेबानं ड्रायव्हरला बघून समजायला अडीच सेकंद धरतात, आणि बघितल्यापासून गाडी थांबेपर्यंत ताशी ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर लागतात. आपण पाटी लावतो चारीपासून वीस पावलांवर. पुणे-हैदराबाद हायवेला किंवा विजापूर रोडला गाड्या किती वेगानं येतात ते तुम्हीच बघता.

काँक्रीटचे बॅरियर का नाही घेत असं एक मित्र म्हणाला. हायवेवर असतात ते, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यावरून नाव पडलेले, ८१ सेंटीमीटर उंच, खालचा उतार असा की चाक त्यावर चढतं आणि गाडी परत रस्त्याला लागते. ते मजबूतच आहेत, मीटरला साधारण सहाशे किलो. पण उचलायला हायड्रा म्हणजे क्रेन पाहिजे, हायड्राचं भाडं आणि वाट बघणं, आणि आमची चारी रोज चाळीस-पन्नास मीटर पुढं जाते. गल्लीबोळात हायड्रा जातपण नाही. म्हणून माझा निर्णय असा आहे की शहरातल्या रस्त्याला, जिथं गाड्या ३०-४० च्या वर जात नाहीत, तिथं पाण्याचे भरून आणि जोडून. हायवेच्या किंवा बाहेरच्या रस्त्याच्या कडेला जिथं माणूस खाली उतरणार असेल तिथं काँक्रीटचेच, भाड्यानं आणतो, नाहीतर ते काम घेत नाही. दोन कामं सोडलीत यासाठी, मुख्य ठेकेदारानं बॅरियरचे पैसे वेगळे द्यायला नकार दिला म्हणून. मुख्य ठेकेदारांनापण सांगायचंय, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलंय, रस्त्याच्या कामात सुरक्षेचे ठरवलेले नियम पाळले नाहीत आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम छोटी आहे, पण जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवलंय.

आपल्याच गाड्यांसाठी पण एक. डंपर मागं घेताना चारीत जातो ते पाण्याच्या बॅरियरनं थांबत नाही, आम्ही प्रयत्न करून बघितला, भरलेला बॅरियर डंपरनं रिव्हर्समध्ये सहज ढकलत नेला. त्यासाठी मुरमाचा बांध घाला, डंपरच्या चाकाच्या मध्यापर्यंत उंच, अमेरिकेतल्या खाणींमध्ये हाच नियम आहे आणि मुरूम तर साईटवर फुकट असतो. आणि मागं एक माणूस उभा करा, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा बाजूला, गाडीच्या मागं नाही.

५ पैकी साडेतीन स्टार देतोय. प्लास्टिक, सांधे आणि उचलायला सोपं यासाठी चांगले. अर्धा स्टार रेडियमसाठी गेला, एक स्टार बूच पाझरतं आणि पातळी दिसत नाही म्हणून. दुकानाच्या त्या क्रॅश टेस्टच्या वाक्याचे स्टार मी यात धरलेले नाहीत, तो रिपोर्ट आला तर इथंच लिहीन.

मामा मार्चमध्ये परत कामावर आले. चारीत उतरायला मी नको म्हणालो तर ऐकत नाहीत, पण पोरं खाली उतरायच्या आधी हातात काठी घेऊन लाईनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि प्रत्येक बॅरियरला वरच्या बाजूनं एक ठोका देतात. भरलेला असेल तर बद्द आवाज येतो, पाणी उतरलेलं असेल तर डबा वाजतो. डबा वाजला की त्या दिवशी खाली कुणी जात नाही, मला फोन येतो, "मालक, अकरावा वाजतोय, टँकर पाठवा."